दादाचं काडतुसांचं मशीन

माझा थोरला भाऊ तीस वर्षं टेक्सासला आहे. रिटायर झाल्यावर लोक बाग करतात, नाहीतर नातवंडं सांभाळतात. दादाने बंदूक धरली. अगदी रीतसर, क्लब-बिब लावून. आठवड्यातून दोनदा जायचं, कागदाच्या निशाणावर गोळ्या मारायच्या आणि खाली पडलेल्या रिकाम्या पुंगळ्या वेचून डब्यात भरून घरी आणायच्या. कुठलीही वस्तू टाकायची नाही, हा आमच्या घरातल्या सगळ्यांना जडलेला रोग. त्या पुंगळ्या घरच्या घरी पुन्हा भरून नवी काडतुसं करता येतात, असं क्लबातल्या कुणीतरी त्याला सांगितलं आणि माझ्या शुक्रवारांची वाट लागली.

मी कुवेतला एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची नर्स आहे. ड्युटी कशीही लागते, पण शुक्रवारी दुपारी घरी असले तर मी कुणाची नसते. चार वाजता दादाचा फोन यायला लागला. त्याच्याकडे तेव्हा सकाळचे आठ, चहा झालेला, वहिनी अंगणात झाडांना पाणी घालत असलेली. वहिनीने त्याला आधीच बजावलं होतं, "तुमच्या त्या मशीनचं एक अक्षर मला ऐकवायचं नाही." म्हणून मी.

"तू थिएटरमध्ये सगळं ओळीने मांडतेस ना, तुला बरोबर कळेल," असं तो म्हणाला. मला तेव्हा बरं वाटलं होतं. लहानपणापासून दादाने मला कधी काही विचारलेलं नव्हतं, नेहमी सांगितलेलंच होतं.

मशीन दोन तऱ्हेची असतात, एवढं मला दोन शुक्रवारांत कळलं. एक साधं, एकेरी. दांडा ओढला की एकाच पुंगळीवर एकच काम होतं. मग ती काढायची, पुढच्या कामाची जोडणी करायची, पुन्हा पहिल्यापासून. दुसरं प्रोग्रेसिव्ह. त्यात एक गोल ताटली असते, तिच्यावर पुंगळ्या उभ्या राहतात. दांडा ओढला की ताटली एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक घरात वेगळं काम एकदम होतं. एका घरात बंदुकीची दारू पडते, दुसऱ्यात गोळी बसते, शेवटून तयार काडतूस बाहेर. दादाचं मन या दुसऱ्यावर होतं.

मी व्हिडिओ पाहिले. एका पुंगळीत दारू दोनदा पडली तर बंदूक हातातच फुटते. बोटं जातात, डोळा जातो. असे हात मी टेबलावर पाहिलेले आहेत, ते फटाक्यांनी झाले होते एवढंच. आमच्याकडे पोट शिवायच्या आधी दोघीजणी रक्त टिपायचे गॉजचे तुकडे मोठ्याने मोजतात, आकडा जुळला नाही तर सर्जनचा बापही टाका घालू शकत नाही. आणि इथे एक बडबड्या माणूस एका हाताने दांडा ओढणार आणि पाच कामं एकदम होणार. मी म्हटलं, "दादा, एकेरी घे. एक काम संपव, डोळ्यांनी बघ, मग दुसरं."

"पटलं," तो म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी फोन. "अगं, त्या दोन मशीनमध्ये नेमका फरक काय गं?"

मी पुन्हा सांगितलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा. मी सगळं मराठीत टाइप करून पाठवलं, बोटं दुखेपर्यंत. "फार छान लिहिलंस," असं उत्तर आलं, आणि शुक्रवारी चार वाजता, "मला एक सांग, प्रोग्रेसिव्हच घ्यावं ना?" माझे कान किटले. खैरानला आमच्या एका डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने समुद्राकाठचं शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, मिळालं होतं. सगळी मंडळी पाण्यात पाय सोडून भेळ खात होती आणि मी भिंतीच्या सावलीला उभी राहून दारूच्या मापाबद्दल बोलत होते.

त्यात तो फोटो पाठवायचा. ताटल्या, दांडे, पितळी पुंगळ्यांचे ढीग. माझ्या नवऱ्याने एकदा माझा फोन हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. तो मिरकाबला एका ऑफिसात आहे, तिथल्या सगळ्यांच्या इकाम्याची, म्हणजे इथे राहायच्या परवान्याची, कागदपत्रं तोच बघतो, त्यामुळे घाबरायला त्याला निमित्त लागत नाही. "काडतुसं? तुझ्या फोनमध्ये? अगं, आपल्याला परत पाठवतील." मी सगळं पुसलं. दादाला सांगितलं, फोटो अजिबात पाठवायचे नाहीत. तो "बरं बरं" म्हणाला. शुक्रवारी अकरा फोटो आले.

मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. त्याला प्रोग्रेसिव्हच हवंय आणि मी "हो" म्हणेपर्यंत तो मला छळणार. हा त्याचा जुनाच खाक्या. लहानपणी पतंगाचा मांजा असाच वडिलांच्या मागे भुणभुण लावून मिळवायचा.

मग तो एगैलाच्या मॉलबाहेरचा शुक्रवार. नवरा मॉलमध्ये भाजी आणायला गेला होता, मी गाडीत एसी लावून बसले होते. चार वाजले. फोन.

"अगं, त्या दोन मशीनमध्ये नेमका..."

माझं डोकंच फिरलं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या गाडीतली बाई काच वर करायला लागली. "दादा, नववा शुक्रवार आहे हा! नववा! तुला काय वाटतं, मला इकडे कामं नाहीत? तुला एकेरी घे म्हणून सांगितलं, लिहून पाठवलं, तू पटलं म्हणालास. मग परत परत का विचारतोस? ते प्रोग्रेसिव्ह घ्यायचंच असेल तर घे जा! बोटं तुटली की मला फोन करू नकोस!"

मला वाटलं, रागावून फोन ठेवला.

"नऊ झाले का?" तो म्हणाला.

चिडवल्याचा तो आवाज नव्हता. तो खरंच विचारत होता.

"मला वाटलं, दोनदा विचारलं असेल," तो म्हणाला. "तू लिहिलेलं मी छापून टेबलावर ठेवलंय. वाचतो. पण ते वाचलंय की नाही, हे राहत नाही लक्षात."

मी रोज भूल दिलेल्या माणसांच्या डोळ्यांकडे बघणारी बाई. नऊ शुक्रवार माझ्या कानात हे पडत होतं आणि मी त्याच्यावर चिडत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की फोन कानापासून लांब धरावासा वाटला.

"म्हणून मला दुसरं मशीन हवंय गं," दादा समजावून सांगावं तसं म्हणाला. "एकेरीवर कुठल्या पुंगळीत दारू घातली, कुठल्या नाही, हे मला आठवावं लागतं. त्या प्रोग्रेसिव्हची ताटली आपोआप सरकते. पुढचं काम कुठलं, ते त्याला माहीत असतं. मला आठवायला नको. तू दर वेळी एकेरी घे म्हणतेस आणि मला कळत नाही की तुला हे कसं सांगू."

मी रडत होते, पण आवाज येऊ दिला नाही. म्हटलं, "दादा, त्या मशीनचाही दांडा मध्येच अडकतो. मग कुठे थांबलो होतो, ते माणसालाच आठवावं लागतं. कुठलंच घेऊ नकोस. ऐकतोयस ना? कुठलंच नाही."

"हं."

"आणि सध्या क्लबातही जाऊ नकोस. डॉक्टरकडे जाऊन येईपर्यंत. वहिनीला माहीत आहे का हे?"

"नाही." मग तो म्हणाला, "पटलं मला. पण हे तू आत्ताच तिला सांग. मी फोन ठेवला की जाईल डोक्यातून."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जाळीचं दार. दादा बाहेर जाऊन काहीतरी म्हणाला आणि वहिनी हसत फोनवर आली.

"काय गं, यांच्या त्या मशीनचं असेल तर मला एक अक्षर सांगू नकोस."

"त्याचंच आहे वहिनी," मी म्हटलं. "फोन ठेवू नका."