इंग्लंडला निघालेली ट्रंक

माझी थोरली बहीण नर्स होऊन इंग्लंडला गेली. तिच्याआधी आमच्या वस्तीतून कुणी मुंबईच्या पलीकडे गेलं नव्हतं. विमानात वीस किलोच सामान चालतं म्हणून तिनं एक बॅग नेली आणि लोखंडी ट्रंक अमरावतीला आमच्याकडे ठेवली. ती मागाहून बोटीनं पाठवायची होती.

आईनं आपल्या जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून तिला चारी बाजूंनी हिरवे काठ लावले होते. मी विणलेला स्वेटर, बहिणीची पुस्तकं, तिखटाचा डबा, सगळं ट्रंकेत बसलं. झाकणावर बाबांनी पांढऱ्या ऑइलपेंटनं बहिणीचं नाव घातलं. त्यांची उभी हयात चांदूर रेल्वे स्टेशनच्या मालधक्क्यावर हमालीत गेली होती. मालावर नाव कसं घालायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

बहीण परदेशी गेल्याची बातमी कुठून कळली कोण जाणे, एक दिवस अकोल्याचा एक माणूस दारात आला. टेरिलीनचा शर्ट, बगलेत चामड्याची बॅग. ‘जय भीम’ म्हणाला आणि वाकून आईच्या पाया पडला. परदेशी सामान पाठवायचा त्याचा धंदा होता.

“आपल्या समाजाची पोरगी सातासमुद्रापार गेली, मावशी. तिची ट्रंक मी नाही पाठवणार तर कोण?”

आईला भरून आलं. त्यानं पैसे घेतले, छापील पावती फाडली आणि किल्ली मागितली.

“किल्ली कायले पायजे?” बाबांनी विचारलं.

“कस्टमवाले उघडून बघतात, काका. किल्ली नसली तर कुलूप तोडतात.”

बाबांनी किल्ली दिली आणि तो ट्रंक घेऊन गेला. पावतीवर ना रेल्वेचा शिक्का होता, ना बोटीच्या कंपनीचं नाव. बाबांच्या ते ध्यानात आलं होतं, हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं. “शिकेल माणूस, त्यात आपला. त्याले कसं इचारू?” असं त्यांना वाटलं होतं.

तीन महिने झाले. बहिणीची पत्रं येत होती, ट्रंक पोचत नव्हती. तो मात्र दोनदा येऊन गेला. एकदा म्हणाला, बोट अडकलीय. दुसऱ्यांदा कस्टमची ड्यूटी भरायची म्हणून आणखी पैसे घेऊन गेला. दोन्ही वेळा चहा प्यायला, दोन्ही वेळा आईच्या पाया पडला.

शेवटी एका रविवारी मी आणि बाबा अकोल्याला गेलो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिकवत होते. स्टेशनामागच्या गल्लीत त्याची एक खोली होती, बाहेर इंग्रजी पाटी. खोलीला कुलूप होतं. शेजाऱ्यानं मागचं घर दाखवलं. दार त्याच्या बायकोनं उघडलं. ओली बाळंतीण होती बिचारी. तिनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. बाजेवर तिचं तान्हं झोपलं होतं, आणि त्याच्याखाली हिरव्या काठांची गोधडी होती.

मी बघतच राहिले. तिला वाटलं, मला आवडली.

“मस्त हाय नं? याईनं मुंबईहून आणली.”

तिला काहीच ठाऊक नव्हतं. एवढ्यात तो टॉवेलनं केस पुसत बाहेर आला. आम्हाला पाहून क्षणभर थबकला, मग हसला.

“जय भीम, काका! ट्रंक बोटीवर चढली बरं का.”

बाबांनी नुसतं गोधडीकडे बोट केलं. त्यानं पाहिलं. लाज वाटेल, निदान मान खाली जाईल, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, “गोधडीचंच ना? घेऊन जा की. ही धुऊन देईल.”

बायकोचा चेहरा पांढरा पडला. ती बाळाला उचलायला धावली.

“राहू दे बाई,” बाबा म्हणाले. “लेकराखालून काढू नोको.” मग त्याच्याकडे वळले. “अन् तू? जय भीम म्हणू नोको पुन्हा. तुह्या तोंडात तो शब्द नासते.”

ते तडक आतल्या खोलीत शिरले, मी त्यांच्या मागे. तिथे पाच-सहा ट्रंका एकावर एक रचल्या होत्या. कुणाची यवतमाळची, कुणाची खामगावची, प्रत्येकीवर कुणाच्या तरी लेकराचं नाव. आमच्या ट्रंकेवरचं नाव अर्धं खरवडलेलं होतं आणि आत तुरीची डाळ भरली होती. बाबांनी ती जमिनीवर ओतली, रिकामी ट्रंक डोक्यावर घेतली आणि भर बाजारातून चालू लागले.

वाटेत पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या जमादारानं सगळं ऐकून विचारलं, “किल्ली तुम्हीच दिली ना?” आणि लिहायचं थांबवून पान खाल्लं. पुढे काही झालं नाही.

नंतर मालधक्क्यावरच्या जुन्या बाबूंनी बाबांना रीत सांगितली. सामानाची यादी दोन प्रतींत करायची, बोटीच्या कंपनीच्या खिडकीवर स्वतः उभं राहायचं, तिचीच पावती घ्यायची आणि किल्ली टपालानं मुलीकडे धाडायची. इतकं सोपं होतं. आईनं पुन्हा ट्रंक भरली, बाबा एकटे मुंबईला जाऊन आले, आणि ट्रंक पोचली.

दोनेक वर्षांनी अमरावतीतच एका सत्काराला गेले, तर मंचावर तो. गळ्यात हार. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलांचा आधारस्तंभ, असं कुणीतरी माइकवर सांगत होतं. मी उभी राहिले आणि ट्रंकेची सगळी हकीकत सांगितली. तो माझ्याकडे बघून शांतपणे हसत होता. पुढच्या रांगेतले एक वयस्क गुरुजी मागे वळले आणि म्हणाले, “बाई, चांगल्या कार्यक्रमात अशी घाण काढू नये. घरचं घरात.”

टाळ्या पडल्या. मला नव्हे, गुरुजींना. मी चप्पल शोधून बाहेर पडले. दाराशी एक बाई मुलाला घेऊन उभी होती. मुलगा जर्मनीला निघाला होता म्हणे, आणि ती त्या माणसाला भेटायला थांबली होती. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदर सावरला आणि मंचाकडे निघून गेली.