अबू मिल्हमने ठोकलेली माती

आमच्या लेबनॉनच्या डोंगरात मातीच्या धाब्याची घरं होती, तोवर अबू मिल्हमशिवाय गावाचं पान हलत नसे. पाऊस लागला की हा धाब्यावर चढून दगडी रूळ फिरवायचा. माती दाबली की पाणी आत शिरत नाही, एवढं एकच शास्त्र त्याला ठाऊक आणि त्यावर त्याने जन्म काढला. पुढे सिमेंटचे स्लॅब आले. रूळ अंगणात पडून राहिला, आणि त्याच्याशेजारी हाही.

त्याची बायको नायफे माझी जिवाभावाची शेजारीण. माहेराहून आणलेली रोझमेरी तिने उतारावर भिंतीच्या कडेला लावली होती. थंडीची चाहूल लागली की ती मुळाशी खडी कालवायची, माती भुसभुशीत करायची. हा ओरडायचा, "अगं, दगड पेरून काय उगवणार?"

"तुमच्यासारखंच काहीतरी!" ती म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात नायफे छातीच्या दुखण्याने गेली. यंदा हिवाळी पावसाआधी तो मला म्हणाला, "उम्म फुआद, तिचं एवढंच उरलंय. हे झाड मी मरू देणार नाही." मला बरं वाटलं. मग मी लेकीच्या बाळंतपणाला शहरात गेले, ती बर्फ वितळताना परतले.

पाहते तर झाडाभोवतीची माती धुमसाने ठोकून फरशीसारखी केलेली. वर पाणी साचलेलं. फांद्या काळ्या पडलेल्या, हात लावला की पानं झडत होती.

"अहो, हे काय केलंत?" माझा आवाज चढलाच. "धाबं आहे का हे? थंडी सोसतं हे झाड, पण मुळाशी पाणी राहिलं की कुजतं. म्हणून तर ती खडी घालायची!"

"पाणी आत जाऊ नये म्हणून ठोकली," तो म्हणाला. "मला वाटायचं, ती उगाच काहीतरी करते. विचारलंच नाही कधी."

आम्ही दोघांनी माती उकरली. मुळं हातात आली, काळी, मऊ. लावण्याजोगी एक हिरवी काडी मिळेना. तो चिखलातच बसला.

"शेवटी ती म्हणत होती, जरा खिडकी उघडा, जीव गुदमरतोय. मी म्हटलं, गारठशील. फटींतसुद्धा चिंध्या कोंबल्या मी." मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "तीही माझ्यामुळेच गेली का?"

"नाही हो," मी म्हणाले. पण बोलायला मला क्षणभर उशीर झाला, आणि तो त्याच्या लक्षात आला.