थापादादाचा दुसरा अर्ज

थापादादाच्या थापा ऐकायला बाजारच्या दिवशी आमच्या मंठा गावात माणसं मुद्दाम थांबत. हा माझा आतेभाऊ. आमच्या विहिरीत मगर आहे आणि ती फक्त एकादशीला वर येते, हे तो इतक्या तपशिलानं सांगे की शाळेचे मास्तरही एकदा वाकून बघून गेले. "खरं काय, कुणीबी बोलतंय," असं म्हणून तो खदखदून हसायचा.

पण एक थाप हसण्यासारखी नव्हती. जालन्याला रेडिओचं काम शिकताना त्याला गांजाचा नाद लागला. आत्याची चांदीची वाटी नाहीशी झाली, तेव्हा त्यानं चोरीचा आळ मांजरावर ढकलला. आत्यानं उशिरा का होईना, ओळखलं. ती त्याला जालन्याहून घरी घेऊन आली आणि वर्षभर नजरेआड होऊ दिलं नाही. नाद सुटला.

पुढं संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात त्याची निवड झाली. काम गोपनीय, म्हणून आधी चारित्र्याची पडताळणी. 'कधी नशा केली का?' या प्रश्नापुढं त्यानं ठोकून दिलं, 'कधीच नाही.' जालन्याच्या घरमालकानं चौकशीत सगळं सांगितलं आणि निवड रद्द झाली. चौकशीचे साहेब म्हणाले, "नशा सुटली होती, त्याचा विचार झाला असता. पण उद्या कामातली चूकही तू अशीच झाकशील." दादा परत आला तो आठ दिवस घराबाहेर पडला नाही. बाजार सुना पडला.

दोन वर्षांनी पुन्हा जागा निघाल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज मी लिहायला बसले. दादा म्हणाला, "लिही, गांजा ओढला. सव्वा वर्ष. मागच्या अर्जात खोटं लिहिल्तं, तेबी लिही."

"दादा, काय करून राह्यलास? हातची नोकरी घालवशील!"

"जाऊ दे. लिही."

चौकशीला साहेब थेट मंठ्यात आले आणि सगळी गल्ली दादासाठी धावली. कोपऱ्यावरचे शिंपी रहीमचाचा म्हणाले, "बिलकुल शरीफ बच्चा, साब. सुपारीचं खांड तोंडात न्हाई." आत्या तर म्हणाली, "गांजा? त्यो कसा असतो?" साहेबांनी कागद मिटला. "पोरगा एक लिहितो, गाव एक सांगतं. खोटं कोण बोलतंय?"

दादा आत्यासमोर हात जोडून उभा राहिला. "माय, खरं सांग. वाटी कुणी नेल्ती?"

आत्यानं पदर खोचला. मग एकदम कडाडली, "तूच नेल्ती, मुडद्या! अन् मी बिचाऱ्या मांजराला काठीनं हाणलं!" बोलता बोलता तिला रडू आलं आणि मधेच हसूही. रहीमचाचांनीही मान खाली घालून कबूल केलं, "ओढत होता, साब. अब नहीं. चार सालसे मैं देख रहा हूँ." साहेब हसू दाबत भराभर लिहीत होते. उठताना त्यांनी आत्याच्या हातचा चहा मागून घेतला.

सहा महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. दादानं ते गल्लीत वाचून दाखवलं, तर कुणाचा विश्वासच बसेना. शेवटी पोस्टमनला शपथ घालावी लागली. जालना स्टेशनावर निरोप द्यायला आम्ही टेम्पो भरून गेलो. गाडी सुटताना आत्या खिडकीशी धावत त्याला बजावत होती, "खाऊन घे रे, जल्दी बिघडतंय कालवण!"

पुढच्या उन्हाळ्यात मला बघायला पाहुणे आले. मी बारावीला एकदा नापास झाले होते. ते सांगायचं नाही, असं आईनं चारदा बजावलं होतं. चहाचा ट्रे खाली ठेवून मी सांगून टाकलं. आईचा चेहरा उतरला. पाहुण्यांतल्या बाईंनी बशीतला चहा फुंकत मुलाकडं पाहिलं.

"आमचा दोनदा झाल्ता नापास," त्या म्हणाल्या. "सांग की रे."

त्या बाई आज माझ्या सासूबाई आहेत.