महेबूब मापाऱ्याचा गुडघा

महेबूब मापाऱ्याने उभ्या जन्मात धान्य मोजताना ‘एक’ म्हटलं नव्हतं. घोटीच्या तांदूळबाजारात कुणीच म्हणत नसे. पहिली पायली ओतली की ‘लाभ’, मग दोन, मग तीन. माल मुसलमानाचा असला तर लाभच्या जागी ‘बरकत’. एक म्हणजे एकटं, उणं. ते तोंडातून काढायचं नाही. महेबूबचा आवाज असा खणखणीत की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला मीठ घेणाऱ्या बाईला कळावं, आपला तांदूळ कितीवर आला. त्या आवाजाचा त्याला माज होता. का नसावा? अंगठा उठवणाऱ्या माणसाला सही म्हणून दुसरं काय असतं!

बसायचा तो रंगनाथ शेठच्या आडतीवर. दोन गुडघ्यांत पायली धरायची, तांदूळ ओढायचा, वर शीग लावायची. ही शीग म्हणजे पायलीच्या काठावर चढवलेला ढीग, आणि तो सगळा शेठच्या घरात. विकणाऱ्या बाया समोर बसून डोळ्यांत तेल घालून बघत. त्यांत सगळ्यांत खट सिंधुबाई. दोन कोसांवरच्या वाडीतली, साठीला टेकलेली, जीभ कोयत्यासारखी.

“ए मापाऱ्या, किती चढवतोस? कळसूबाई हाय का ही?”

“आक्का, शीग पडली तर शेठ मलाच चढवंल तिच्यावर.”

“चढ की! तेवढाच माझा तांदूळ वाचंल.”

बाजार हसायचा. महेबूबही हसायचा. भांडण रोजचं, पण उघड होतं. शीग दिसत होती, तिला शिवी देता येत होती.

मग सरकारचा मापांचा कायदा घोटीला पोचला. चावडीपुढे जुन्या पायल्यांचा ढीग पडला आणि घणाखाली त्या चेपल्या गेल्या. महेबूबच्या आजाची पितळी पट्ट्यांची पायलीही त्यातच गेली. नव्या पायल्या आल्या, पोटावर सरकारी शिक्का मारलेल्या. मापांचे साहेब खुर्चीवर उभे राहून बोलले, पण त्यांची ती ‘सदरहू’ आणि ‘उपरोक्त’ कुणाच्या बापाला कळणार? लोक म्हशीसारखे बघत राहिले. शेवटी पाटलांनी महेबूबला गाडीवर चढवलं.

“ऐका हो! शीग बंद! पायलीवर लाकडाची पट्टी फिरंल, सपाट. दाणा वर नाय, दाणा खाली नाय! बायांनो, आता डोळं वटारून बसू नका. जा, बांगड्या भरा! शिक्काच तुमचा राखणदार!”

‘राखणदार’ हा शब्द कायद्यात नव्हता. तो महेबूबने पदरचा घातला. टाळ्या पडल्या, साहेबांनीही मान डोलावली, आणि तो गाडीवरून उतरला तो जणू कायदा त्यानेच केला होता.

संध्याकाळी शेठनी त्याला सुपारी दिली. स्वतःच्या हातानं, हे विशेष.

“शीग गेली रे महेबूब.”

“गेली, शेठ.”

“गुडघे तर आहेत ना जागेवर?”

महेबूबला समजायला क्षणही लागला नाही. मापाऱ्याच्या पोटी जन्मलेल्याला हे शिकवावं लागत नाही. पायली भरता भरता खालून गुडघ्याचा हलका टेका द्यायचा. तांदूळ खाली बसतो, वर जागा होते, मूठभर आणखी मावतो. मग वर पट्टी फिरते अगदी सपाट, कायदेशीर. शिक्का मापाच्या पोटाला होता. मापाऱ्याच्या गुडघ्याला कोण मारणार?

खरं सांगायचं तर पहिले काही बाजार त्याला मौजच वाटली. मुंबईत बसून कायदे करणाऱ्यांना घोटीच्या एका गुडघ्यानं चकवलं! लोकांची नजर पट्टीवर, आणि धोतराखाली हा कारभार. मौज संपली ती सिंधुबाईमुळे. ती आली, पोती टेकवली आणि त्याच्याकडे चक्क पाठ करून तंबाखू मळायला लागली.

“बघायचं नाय का आक्का?” त्याच्या तोंडून निघून गेलं.

“तूच म्हनलास ना, शिक्का राखणदार हाय. मग मी कशाला मान अवघडून घेऊ?”

ती पाठ त्याला टोचली. तरी गुडघा उठलाच.

दिवाळी झाल्यावर सिंधुबाई आली ती धुमसतच.

“घरात चोर निघाला, महेबूबभाऊ. वाडीच्या पाटलाकडं शिक्क्याची पायली आली. मी घरी मोजते, वीस भरतात. हितं येऊन एकोणीस. दर खेपेला! रातीला पोत्याचं तोंड बांधते कोण? आमची भागीबाई. मागल्या महिन्यात भाऊ येऊन गेला तिचा. मी काय दुधखुळी हाय?”

“सून तशी नसंल, आक्का.”

“मग काय सरकारचा शिक्का खोटा?”

महेबूबने खाली बघून तांदूळ ओढला. आत्ता सांगावं, असं जिभेवर आलं. गादीवर शेठ बसले होते. जीभ मागे गेली.

पुढच्या बाजाराला सिंधुबाई एकटीच आली.

“धाडली,” ती म्हणाली. “हरसुलाकडं, माहेरी. रडली नाय, भांडली नाय. नुसतं म्हनली, ‘मी चोर नाय.’ चोर काय हो म्हननार हाय?” आणि पाठ करून बसली.

महेबूबने सुरू केलं. लाभ. दोन. तीन. ठरवलं होतं, आज गुडघा हलू द्यायचा नाही. पण त्या मेल्या गुडघ्याला सवय लागलेली. चौथ्याला उठला, पाचव्याला उठला. सहाव्याला महेबूबचा आवाजच बसला. मोजता मोजता मापारी थांबत नसतो. बाजारातल्या माना वळल्या. सिंधुबाईचीही.

“काय रे, घसा धरला?” शेठ.

महेबूबने मोजलेला तांदूळ परत पोत्यात लोटला. पाय लांब पसरले, पायली फरशीवर ठेवली आणि पुन्हा मोजायला लागला. वीस भरल्या.

“आक्का, चोर तुमच्या घरात नाय,” त्याने धोतर वर करून घट्टा पडलेला गुडघा दाखवला. “हा हाय.”

शेठ म्हणाले, “उद्यापासून गुडघे घेऊन घरी बस.” ते त्याला ऐकूही गेलं नाही. तो सिंधुबाईच्या चपलेची वाट बघत होता. चप्पल आली नाही.

“मला काय सांगतोस?” तिचा आवाज कधी नव्हे तो बारीक निघाला. “जिला मी चोर म्हनलं, तिला जाऊन सांग. त्या दिवशी गाडीवरून वरडलास ना, तसं सांग.”

हरसुलच्या बाजूला तो दोन दिवस चालत गेला. भागीबाई अंगणात भात पाखडत होती. सगळं ऐकून तिने सूप खाली ठेवलं.

“एकटीला काय सांगता, चाचा? मला चोर म्हनलं ते साऱ्या गावानं ऐकलंय.” तिने बापाला गावकीची पायली आणायला पाठवलं. माणसं जमली. “मोजा. आधी सरळ, मग तुमच्या गुडघ्यानं. आवाज लावून.”

त्याने पहिली पायली भरली. ‘लाभ’ म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द येईना. लाभ कुणाचा? बरकत कसली?

“एक,” तो म्हणाला.

एक म्हातारी पुटपुटली, “अगं बाई, एक म्हनतोय!”

“म्हनू दे,” भागीबाई म्हणाली. “फुडं मोजा.”

सरळ दहा भरल्या. तेच भात गुडघ्यानं साडेनऊ. बाप पहिल्यांदा लेकीकडे बघायला धजला.

“आता सासूला सांगा,” भागीबाईने सूप उचललं. “तिनं यावं. तुमच्या आवाजावर मी येत नाय.”

सिंधुबाई हरसुलला गेली, आठ दिवसांनी, आणि भागीबाई परत आली. पण सासूशी ती वर्षभर कामापुरतंच बोलली. ते वर्ष महेबूबने बाजारच्या माणसांकडून ऐकून मोजलं. तो आता नाशिक रोड स्टेशनावर हमाली करतो. पोती शिवलेली असतात, आत डोकवायचं नसतं. ती उतरवताना मुकादम ओरडतो, “अरे, लाभ म्हण, लाभ!”

महेबूब ‘एक’ म्हणतो आणि पोतं पाठीवर घेतो.