डावी पोटरी

हळूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पोटुशी बायकांना मालिश करताना ती सारखं "हळू, हळू" म्हणायची, तेही स्वतःच्याच हातांना. ऐकणाऱ्यांनी त्याचं नाव करून टाकलं.

सव्वीस वर्षं हेच काम. पहिले तीन महिने हात लावायचा नाही. पोटाला कधीच नाही. ताप असेल, रक्त दिसलं असेल, तर दारातूनच माघारी. डॉक्टरांना विचारलंय का, हा तिचा पहिला प्रश्न, चपला काढायच्याही आधीचा. मग बाईला डाव्या कुशीवर निजवायचं, पोटाखाली एक उशी, गुडघ्यांच्या मधे एक, आणि कंबरेपासून सुरुवात. आवळलेली कंबर सैल झाली की बायका बोलता बोलता घोरायला लागत. ते घोरणं हीच तिला मिळालेली शाबासकी.

त्या महिन्यात तिच्याकडे एक शिवणकाम करणारी होती. सातवा महिना, दिवसभर मशीनवर बसून कंबरेची पार वाट लागलेली. पोरगी बडबडी, सासू तिच्याहून बडबडी. मंगळवारी पोरगी म्हणाली होती की डाव्या पोटरीत गोळा आल्यासारखं होतंय. सासू दारातूनच म्हणाली, जरा जोर लावा की, पाय चोळताय की मांजर कुरवाळताय. हळूबाई हसली होती, आणि तिने जोर लावला होता.

गुरुवारी सकाळी ती आली. मोरीत थंड पाण्याने हात धुतले, पुसले. पोरगी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसलेली. म्हणाली, मावशी, आज कंबर राहू द्या, आधी पाय घ्या, डावा फार ओढतोय. हळूबाई खाली बसली आणि तिने दोन्ही तळवे दोन्ही पोटऱ्यांना लावले.

उजवी गार. डावी गरम. नुकत्याच बंद केलेल्या इस्त्रीसारखी. कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि घेर उजवीपेक्षा चांगला दोन बोटं जास्त.

तिने हात काढून घेतले.

आरोग्य केंद्रातल्या नर्सने एकदा सगळ्या मालिशवाल्यांना बसवून सांगितलं होतं. दोन्ही पाय सुजले तरी डॉक्टरांच्या कानावर घालायचं. पण एकच पाय सुजला, तापला, दुखला, तर त्याला चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर बाई हातची जाते. हळूबाईने तेव्हा मान डोलावली होती. मग मंगळवारी कळलं कसं नाही?

आणि बसल्या जागी तिला कळलं. डाव्या कुशीवर निजलेल्या बाईचा डावा पाय खाली राहतो. म्हणून तो नेहमी शेवटी. तोवर पाऊण तास चोळून, तेल लावून आपलेच हात तापलेले असतात. तापलेल्या हातांना गरम पाय गरम लागत नाही. सव्वीस वर्षांत ही गोष्ट तिच्या डोक्यातही आली नव्हती.

"हिला दवाखान्यात न्यायचंय," ती म्हणाली. "आत्ता."

सासूने हातातलं फडकं खाली ठेवलं. "पाय दुखतो म्हणून दवाखाना? मग तुम्ही कशाला?"

"ह्या पायाला मी हात लावणार नाही, ताई. तुम्हीही लावू नका. गाडी बोलवा."

गाडीत पोरगी मधे, दोघी दोन बाजूंना. हळूबाईने तीनदा विचारलं, श्वास लागतोय का, छातीत दुखतंय का. तिसऱ्यांदा पोरगी म्हणाली, "मावशी, मला नाही, तुम्हालाच धाप लागलीय." प्रत्येक खड्ड्याला हळूबाई त्या पायाकडे बघायची. परवा आपल्या अंगठ्याने काही सुटलं तर नसेल?

डॉक्टरीण तरुण होती. तिने दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून बघितलं, पोरीला खाटेवर निजवलं आणि न वळताच विचारलं, "पाय कुणी चोळला होता का?"

पोरगी छताकडे बघत. सासू फरशीकडे बघत. हळूबाईच्या मनात आलं, ही पोरगी माझं नाव घेणार नाही. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नाही. आणि कळलं, तर उद्यापासून एकही दार उघडणार नाही.

"मी," ती म्हणाली. "मंगळवारी. चांगला जोर लावून."

डॉक्टरीण वळली. तिने किती वेळ, कुठून कुठवर, सगळं विचारून लिहून घेतलं. रागावली नाही. त्याचीच हळूबाईला जास्त भीती वाटली. मग पोरीला सोनोग्राफीला आत नेलं आणि दार लागलं.

बाकड्यावर दोघी. हळूबाईने हात पदरात गुंडाळून घेतले होते, जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते. सासू म्हणाली, "जोर लावा असं मीच म्हटलं होतं."

"म्हटलंत. पण हात माझे होते."

दार उघडलं. गुठळी होती, गुडघ्याच्या वरपर्यंत. पण जागची हलली नव्हती. छाती साफ होती, बाळाचे ठोके नीट होते. आता इंजेक्शनं, रोज, बाळंतपण होईपर्यंत आणि त्यानंतरही काही आठवडे. बाळाला त्याचा त्रास नाही, डॉक्टरीण म्हणाली. आणि हळूबाईकडे बघून म्हणाली, "चोळायला नको होतं. पण आज आणलंत, हे फार बरं केलंत. आणखी चार दिवस गेले असते तर काय झालं असतं, सांगता येत नाही."

दोघींना आत सोडलं. पहिलं इंजेक्शन घेऊन पोरगी झोपली होती. सासू उशाशी उभी राहिली, हळूबाई पायथ्याशी, खाटेपासून हातभर लांब. पोरीच्या श्वासाबरोबर चादर वर जायची, खाली यायची. मधेच एकदा ती जरा उशिरा वर आली, आणि दोघींनी एकदमच खाटेची दांडी घट्ट धरली.