देवांकडे पाय

समोरच्या घरातल्या माणसाला सगळी इमारत 'फूटपट्टी' म्हणते. ते नाव मीच ठेवलं. राहायला आला त्याच दिवशी तो जिन्यात वाकून पायरीची उंची टेपनं मोजत होता. मी म्हटलं, "अहो भाऊ, पायरी काही पळून जात नाही!" तो ओशाळून हसला. म्हणाला, "तसं नाही ताई, ही मीच काढलीय ना. बरोबर बांधलीय का बघत होतो."

स्वस्तातली घरं बांधणाऱ्या कंपनीत तो नकाशे काढतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, मोरी आणि संडास, एवढ्यात माणसाचा सगळा संसार बसवायचा. साहेबाला जागा वाचवायची असते आणि हा तिच्यात देव बसवायला धडपडत असतो. "गरिबाला काय देव नसतात का? फ्रिजवर ठेवायचे त्यानं?" असं म्हणून तो साहेबाशी भांडला होता. लग्न नाही, व्यसन नाही, घरी एक आई. भांडायला त्याला एवढंच कारण होतं. शेवटी साहेबानं हात टेकले आणि आमच्या इमारतीत प्रत्येक स्वयंपाकघरात देवांसाठी एक कोनाडा आला. माझ्या घरातला अगदी ईशान्येला आहे, सकाळचं ऊन थेट देवांवर येतं. त्याबद्दल मी या माणसाला मनापासून दुवा देते.

पण अशा इमारतीत प्रत्येक घर वेगळं काढत नाहीत. एक काढतात आणि समोरच्यासाठी तोच नकाशा आरशात दिसावा तसा उलटा करून ठेवतात. स्वस्त पडतं. फूटपट्टीनंही तेच केलं. दार उलटलं, ओटा उलटला, खिडकी उलटली. दिशा उलटत नाहीत, हे त्या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही. निम्म्या घरांतला कोनाडा वायव्येला गेला, आणि त्याच्या बरोबर पाठीमागे पलीकडच्या बिऱ्हाडाच्या संडासाचा पाइप आला. घरांची सोडत निघाली तेव्हा याच्या वाट्याला नेमकं तसलंच घर आलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

त्याची आई, आम्ही सगळे त्यांना काकू म्हणतो, पहिल्या दिवशी देव घेऊन कोनाड्यापुढे उभ्या होत्या. तेवढ्यात भिंतीच्या आतून घळाघळा पाणी गेलं. काकूंनी देव तसेच छातीशी धरले.

"इथं माझे देव बसायचे नाहीत."

मग उरली बाहेरची खोली. एका भिंतीला खिडकी, एका भिंतीला पुन्हा तोच पाइप, एकीकडे दार. राहिली उत्तरेची भिंत. तिथं फळी ठोकून देव बसवले. खोली इतकी चिंचोळी, की काकूंची खाट दक्षिणोत्तर उभीच बसते, आडवी टाकली तर दार उघडत नाही. उत्तरेला डोकं करून झोपवतात ते मेलेल्या माणसाला. तेव्हा उशी दक्षिणेला आणि पाय थेट देवांकडे. जन्मभर ज्यांनी चुकून पाय लागला तर वहीला, धान्याला, केरसुणीलासुद्धा नमस्कार केला, त्या काकू देवांपुढे तंगड्या पसरतील होय? त्या गुडघे पोटाशी घेऊन झोपायला लागल्या. आल्यापासून रोज. जमिनीवर झोपल्या तरी दिशा तीच, आणि स्वयंपाकघरात तर पोरगंही सरळ निजणार नाही. मी एकदा म्हटलं, "काकू, देवाला कळतं हो, जागा नाही ते." त्या म्हणाल्या, "त्याला कळतं गं. मला कळतंय त्याचं काय करू?"

या वर्षी त्यांचं चालणं थांबलं. डॉक्टरांनी पाय हलवून पाहिले आणि फूटपट्टीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "झोपताना पाय सरळ राहायलाच हवेत. नाहीतर गुडघे असेच धरतील, मग मी काही करू शकणार नाही."

त्या दिवसापासून माणूस वेडापिसा झाला. देवांपुढे पडदा लावून पाहिला, तर काकू म्हणाल्या, "पडद्याआड गेले म्हणजे ते तिथं नसतात का?" फळी पार छताजवळ नेली. काकूंनी वर पाहून हात जोडले आणि पाय आणखी आखडून घेतले. ओट्यावर देव ठेवले तर तिथं उष्टी भांडी. कपाटात ठेवले तर त्यांना कोंडल्यासारखं. शेवटी तर हा पलीकडच्या बिऱ्हाडात जाऊन विचारून आला, तुमचा संडास दुसरीकडे हलवता येईल का म्हणून! ते लोक पोट धरून हसले. मलाही आधी हसूच आलं. मग तो माझ्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याचं तोंड पाहून मी हसायची थांबले.

"ताई, कितींची घरं काढली मी. आईला पाय पसरायला जागा नाही ठेवली."

"माझ्याकडे आणा देव," मी म्हटलं. "कोनाडा तुम्हीच काढलाय. माझ्या देवांना सोबत होईल."

काकू ऐकेनात. "घरचे देव दुसऱ्याच्या घरी? मग हे घर कसलं, नुसती खोली!" तो रोज विनवायचा, कधी चिडायचा, मग स्वतःच पाया पडायचा. यात बरेच दिवस गेले, आणि मला सारखं वाटत होतं की हे दिवस जायला नको होते. शेवटी एका दुपारी काकू म्हणाल्या, "ने बाबा. तुझं रडणं बघवत नाही."

त्यानं ताम्हनात देव ठेवून माझ्याकडे आणले. मी माझ्या देवांशेजारी ते मांडले. दोघंही लगेच परत गेलो.

"आई, भिंत रिकामी आहे बघ. आता कर पाय लांब."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण त्या हट्टानं जोर लावायला लागल्या. गुडघे थरथरले. कपाळावर घाम आला. पाय काही सुटेनात. फूटपट्टीनं दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर ठेवले आणि दाबले. काकू किंचाळल्या. तो दाबतच राहिला. "होतंय आई, होतंय, जरा सोस," असं काहीतरी बोलत होता. मी त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. "सोडा! मोडाल त्यांना!"

तो जमिनीवर बसला. "उशीर झाला का हो ताई?"

मला माझाच राग येत होता, त्याचा येत होता, त्या साहेबाचा येत होता, आणि रागानं कुणाचा गुडघा सुटत नाही.

काकूंचा श्वास जरा जागेवर आला तशा त्या म्हणाल्या, "जा, देव घेऊन ये. पाय तर गेलेच. देव तरी असू देत घरात."

तो देव न्यायला आला तेव्हा कोनाड्यापुढे थबकला. "किती बरोबर बसलेत," एवढंच म्हणाला, आणि माझ्या ओट्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडला. मग तोंड धुऊन देव घेऊन गेला.

देव परत फळीवर आहेत. मी सकाळी दूध द्यायला जाते तेव्हा काकू निजलेल्या असतात, गुडघे पोटाशी. पूर्वी झोपेत पाय सुटू नयेत म्हणून त्या ते हातांनी धरून ठेवायच्या. आता धरावे लागत नाहीत.