व्याह्यांच्या गाडीचं शेपूट

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही काम जसं करायचं असतं तसं केलं नाही. आमच्या सुमनला बघायला ते रोह्याहून पेणला आले, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला ठेवून परसात गेले आणि आमच्या विहिरीचा कुरकुरणारा रहाट खोलून बसले. पाना धरायला त्यांनी सुमनलाच बोलावलं. तिने तो न पाडता धरला, म्हणून मुलगी पसंत. मुलगा आत पोहे खात होता, त्याला कोणी विचारलंच नाही. कंपनीत मेंटेनन्सला जन्म गेलेला माणूस, निवृत्त झाला तरी हात गप्प बसेनात. न्हाणीच्या दाराला त्यांनी सायकलची घंटी लावली. मच्छरदाणी वरखाली करायला कप्पी लावली. ती एकदा सुटली आणि आमच्या विहीणबाई मासळीसारख्या जाळ्यात अडकल्या. "या मानसाला देवानं दोन हात दिले, तितंच चुकलं," असं त्या येईल त्याला सांगायच्या.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी भंगारात निघालेली एक मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. आत पलंग, स्टोव्ह, खिडक्यांना विहीणबाईंच्या जुन्या लुगड्याचे पडदे. मोरीला जागा पुरेना, तेव्हा मागे तीन हात पत्रा वाढवला. ते शेपूट मागच्या चाकांच्या पार पलीकडे लोंबत असे. "मोरी नाय ते घर कसलं?" म्हणायचे. बाहेरून सगळं पांढरं रंगवलेलं. रामवाडीच्या नाक्यावर गाडी थांबली की कुटुंबनियोजनाची गाडी आली समजून बाया पोरं उचलून पळायच्या.

मीही हसले, पण मलाच त्या गाडीत बसायची वेळ आली. सुमनला दिवस गेले होते आणि सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पलंगावरून उतरायचं नाही. म्हणजे माहेरी येणं बंद, मलाच रोह्याला जायला हवं होतं. पण आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. मी चौथी शिकलेली बाई. हा नियम काही पाटीवरचा नव्हता, की थुंकी लावून पुसावा.

मग व्याही गाडी घेऊन हजर. "विहीणबाय, तुमी लेकीच्या घरात राहूच नका. गाडीत रहा. गाडी लेकीची नाय, माझी हाय. अंगणात लावतो, सुमनच्या खिडकीला खेटून. तिनं हाक मारली की तुमी व्हय म्हणायचं."

मी बोचकं बांधायला घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तास-दीड तास आमचा रहाट ओढत होते. गाडी धुतो म्हणाले. गाडी निघताना पाहिली तर होती तेवढीच मळकी.

रोह्याला त्यांचं घर उंचावर. रस्त्यावरून अंगणात जायला घरावर चढावं तसा चढ. पुढची चाकं वर गेली आणि मागे खर्रर्र झालं. शेपूट रस्त्यावर टेकलं. वरून सुमनची हाक आली, "आई, आलीस गो?" आणि मी गाडीत तिरपी, पलंगाचा पाय धरून बसलेली. खाली रस्त्यावर गाडी लावली तर ट्रकच्या भोंग्यांत तिची हाक ऐकू आली नसती. गाडी वर गेली नाही तर मी परतीची एसटी धरणार, हे मी सांगून टाकलं.

व्याह्यांना तेवढंच हवं होतं. शेपटाखाली त्यांनी जुना टायर बांधला; तो फाटला. मग वरवंटा तारेने अडकवला, चाकासारखा फिरेल म्हणून. "अवो, माझा वरवंटा!" विहीणबाई ओरडेपर्यंत तो गटारात. मग भजनी मंडळ बोलावून सगळ्यांना ड्रायव्हरच्या बाजूला कोंबलं. पुढून दाबलं की मागून उठेल, हा हिशेब. शेपूट दोन बोटं उठलं, पण तेवढ्या माणसांना घेऊन इंजिन हलेना. मंडळींनी बसल्या बसल्या एक अभंग म्हणून घेतला.

माझा जन्म धरमतरकडच्या खारजमिनीतला. बांध चढताना बैलगाडीचं बूड घासलं की आम्ही पायथा भरायचो. मी पदर खोचला, चढाच्या तोंडाशी डबर टाकून घेतलं आणि लग्नात आम्हीच दिलेले पाट मागच्या चाकांखाली घातले. तरी चार बोटं कमी.

"मागचं ओझं उतरवा," मी म्हटलं.

व्याही मोरीच्या दारात हात पसरून उभे राहिले. "मागं काय नाय."

"मोरीत काय आहे?"

"मोरीचं सामान."

मी त्यांना बाजूला सारलं. आत माझ्या छातीएवढं निळं पिंप, काठोकाठ भरलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं.

"तुमच्या विहिरीचं हाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "तुमी हितलं पाणी पिनार नाय. म्हटलं, बाळ होईपर्यंत पुरवू. संपलं तर परत आणू."

मी फडक्याची गाठ सोडली.

चार माणसांना पिंप हलेना. विहीणबाई हंडे-कळश्या घेऊन धावल्या, पण लेकीच्या घरच्या भांड्यात घेतलं की ते लेकीच्याच घरचं पाणी. "ओता," मी म्हटलं. व्याही ऐकेनात. शेवटी मी आणि विहीणबाईंनी मिळून ते कलंडवलं. माझ्या विहिरीचं पाणी व्याह्यांच्या चपलांवरून रस्त्याला लागलं. शेपूट कुरकुरत वर उठलं आणि गाडी एका दमात अंगणात. एक पाट दुभंगला, त्यावर विहीणबाई पुढे महिनाभर बोलल्या.

मी सुमनच्या पलंगाशी बसले. घसा कोरडा पडला होता. ती पाणी विचारायला घाबरत होती. मीच तिच्या उशाचा तांब्या उचलला आणि रिकामा केला.

खिडकीबाहेर व्याही उभे होते. "कसं हाय?"

"मचूळ," मी म्हटलं. ते खूश होऊन गेले.

नात झाली, शिकली, नोकरीला लागली. व्याही गेले. गाडी मात्र त्या अंगणातून कधी उतरलीच नाही, कारण उतरतानाही शेपूट घासलं असतं. त्यावरचा उपाय ते शेवटपर्यंत वहीत काढत होते. आता घरात माझ्यासाठी पंख्याची खोली आहे, तरी मी गाडीतच झोपते. येताना आमच्या विहिरीचं एक कॅन आणते आणि त्या पिंपात ओतते. रिकाम्या पिंपात उंदीर घर करतात.

एसटीचा कंडक्टर दर वेळी विचारतो, "आजी, रोह्याला पाणी नाय काय?"

"हाय की," मी म्हणते, आणि कॅन मांडीवर घेऊन बसते.